सिमरोलचं पातेलं

"सिमरोलला, थंडीच्या दिवसांत, पातेल्यात असंच थिजायचं," आबा म्हणाले, आणि इंदुमतीच्या हातातला चमचा बशी आणि त्यांचं तोंड यांच्या मध्येच कुठेतरी थांबला. डावं अंग गेल्यापासून आबांची वाक्यं ओठांच्या कोपऱ्यातून निम्मी सांडत येत; उरलेलं निम्मं इंदुमतीने जुळवून घ्यायचं, हा घरचा रिवाज झाला होता. पण हे वाक्य सबंधच्या सबंध आलं. बशीत मोसंब्याच्या रसाची जेली होती. इंदुमतीचा गुडघा बाजेला लागला की ती हलायची, आणि बाज थांबल्यावरही थोडा वेळ हलतच राहायची. आबा त्या हलण्याकडे बघत होते. शिकारीतल्या माणसाची नजर. झाडीत पान हललं तर वाऱ्याने की जनावराने, हे ओळखण्यात जिचा जन्म गेला, ती. मग त्यांनी तोंड उघडलं. चमचा आत गेला, जिभेच्या चांगल्या बाजूवरून जेली सरकली, कंठमणी वर जाऊन खाली आला, ठसका लागला नाही. "आण," ते म्हणाले. अशी त्यांनी सगळी बशी संपवली. इंदुमतीने त्यांची हनुवटी पुसली, कॉलेजला फार उशीर झाला असं कामाच्या जनाबाईला उगाचच मोठ्याने सांगितलं आणि छत्री न घेताच बाहेर पडली. उशीर मुळीच झाला नव्हता.

रामबागेतल्या घरातून निघून ती भराभरा चालत राहिली. वैशाखाचं ऊन सकाळीच अंगावर यायला लागलं होतं आणि छत्रीची आठवण झाली तेव्हा परत फिरणं जिवावर आलं, कारण परत फिरणं म्हणजे त्या बाजेसमोर पुन्हा उभं राहणं. म्हातारी माणसं काहीही आठवतात, तिने स्वतःला बजावलं. काल त्यांना कुठल्याशा घोड्याचं नाव आठवलं होतं, परवा राजवाड्यातल्या दसऱ्याचे हत्ती. तसंच हे सिमरोल. त्यात एवढं दचकण्यासारखं काय आहे? पण दचकायला झालं होतं खरं. कारण सिमरोलचं ते पातेलं तिने स्वतः पाहिलं होतं. ती सहा वर्षांची असेल. आबा तेव्हा होळकर सरकारच्या शिकारखान्याचे दरोगा होते, आणि पाहुण्यांच्या शिकारीसाठी सिमरोलच्या जंगलात तंबू पडले होते. पहाटे तिला कांबळ्यात गुंडाळून आबांनी चुलीपाशी आणलं. चूल विझलेली. तिच्यावर मोठं पातेलं, रात्री त्यात सांबराचे पाय आटवलेले. खानसाम्याने झाकण काढलं आणि आबांनी पातेल्याला बोटाने टिचकी मारली, तर आतला रस्सा लाटेसारखा सांडायच्या ऐवजी जागच्या जागीच थरथरला. ती खिदळली. आबांनी पुन्हा टिचकी मारली. मग कमरेच्या सुरीने त्यांनी त्याची एक वडी कापली आणि तिच्या जिभेवर ठेवली. वडी आधी गार लागली, मग तोंडातल्या तोंडात पातळ झाली आणि खारट, मिरीची चव घशात उतरली. "हाडाचा रस आहे," आबा म्हणाले होते. "खा. हाडं बळकट होतात." ज्या बापाने तिला जन्मातली पहिली जेली भरवली, त्यालाच ती तीन आठवडे समुद्रातलं गवत म्हणून जेली भरवत होती. एमएस्सी झालेली बाई! रसायनशास्त्र शिकवून पोट भरणारी! हे तिच्या एकदाही ध्यानात कसं आलं नाही, याचा तिला आता भर रस्त्यात संताप आला, आणि समोरून येणाऱ्या टांगेवाल्याने "बाजू हो जाओ, बाईजी!" म्हणून ओरडल्यावर ती नाल्याच्या कठड्याला चिकटून उभी राहिली.

आबांना काय भरवावं हा प्रश्न एवढा अवघड होईल असं झटका आला त्या दिवशी कोणाला वाटलं नव्हतं. जीव वाचला, वाचा अर्धी वाचली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आणि मग पहिल्याच पाण्याच्या घोटाला आबा निळे पडले. डॉक्टर मुळे म्हणाले, "इंदूताई, पाणी धावतं. ह्यांचा घसा आता तेवढ्या चपळाईने दार लावू शकत नाही, ते भलत्याच नळीत जातं." मग पेज घट्ट करून पाहिली, तिची शितं मागे राहून तासाभराने ठसका आणायची. आरारूट केलं, साबुदाण्याची खळ केली. ती टाळूला चिकटून बसली आणि अर्धी जीभ मेलेल्या माणसाला ती सोडवता येईना. इंदुमती बोटाला फडकं गुंडाळून ती काढायची आणि आबा डोळे मिटून घ्यायचे. हत्तीवरून वाघ दाखवणाऱ्या माणसाला पोरीने तोंडात बोट घालून साफ करावं, ह्याची त्यांना लाज वाटत होती आणि तिला रडू यायचं. "एका तुकड्यात सरकेल असं काहीतरी हवं," डॉक्टर म्हणाले. "आणि मागे राहिलंच, तर तोंडातल्या तोंडात विरघळायला हवं." "जेली," ती म्हणाली. डॉक्टर घुटमळले. जेली हाडांपासून होते, आणि दरोगासाहेबांचं हाडामांस न खाण्याचं व्रत रामबागेत सगळ्यांना ठाऊक होतं. "चायना ग्रासची करीन," तिने घाईने सांगितलं, "समुद्रातली वनस्पती असते ती." आणि खरंच तिने ती केली. चायना ग्रास झटकन धरला, माठाशेजारी ठेवल्या ठेवल्या घट्ट झाला, त्याला बर्फसुद्धा लागला नाही. पण तो जितका सोपा धरतो तितका वितळायला हट्टी. उकळत्या पाण्याजवळ नेल्याशिवाय सोडायचं नाव नाही. माणसाच्या तोंडात एवढी आग कुठून येणार? आबांच्या जिभेवर त्याचे काचेसारखे तुकडे झाले, एक तुकडा मागे राहिला, आणि त्या दुपारी आबा जवळजवळ गेलेच. जनाबाईने त्यांना पालथं करून पाठीत गुद्दे घातले म्हणून वाचले. त्याच संध्याकाळी इंदुमती छावणीतल्या औषधांच्या दुकानात जाऊन जिलेटिनचा डबा घेऊन आली. घरी आल्यावर तिने पूड चहाच्या रिकाम्या डब्यात ओतली, मूळचा डबा चेपून कचऱ्यात खाली दडपला, आणि जनाबाईलाही सांगितलं की हे जरा भारीतलं चायना ग्रास आहे.

भारीतलं होतं खरंच. ऊब लागायच्या आत एका तुकड्यात सरकणारं आणि ऊब लागताच मुकाट पाणी होणारं. देवाने आबांच्या घशासाठीच करून ठेवल्यासारखं. फक्त ते हाडांचं होतं. दूध, मोसंब्याचा रस, मुगाचं कढण, सगळं ती त्यात बसवायला लागली. आबांच्या गालांवर पुन्हा थोडं मांस धरलं. आणि संध्याकाळी कॉलेजातून ती आली, की भरवायच्या आधी आबा उजवा हात उचलून म्हणायचे, "कपाळ." ती वाकायची. ते हाताची मागली बाजू तिच्या कपाळाला लावायचे, थोडा वेळ तशीच ठेवायचे, हुं करायचे आणि तोंड उघडायचे. तिने ह्याचा अर्थ लावला नव्हता. दुखण्यात माणूस मागे मागे जातो, तसे ते तिच्या लहानपणात गेले असतील, एवढंच तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडत होतं. छत्तिसाव्या वर्षी बाईच्या कपाळाला कोण हात लावतं? ती दिवसभर त्या हाताची वाट बघायची.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत खिडक्या बंद करून वाळ्याचे पडदे सोडले होते तरी हवा तापलेली होती. परीक्षा तोंडावर आल्या होत्या आणि मुलं मेण वितळवून ते गार होताना दर अर्ध्या मिनिटाला तापमान टिपत होती. वर्षानुवर्षं चालत आलेला प्रयोग. गरम वस्तू आधी घाईघाईने निवते, मग जसजशी आजूबाजूच्या हवेच्या जवळ येते तसतशी रेंगाळते. आणि मेण घट्ट व्हायच्या वेळी पारा जागच्या जागी थबकतो, सगळं मेण धरेपर्यंत हलत नाही. कागदावर तिथे छान सपाट पायरी उमटते. हा क्षण, असं बोट ठेवून सांगता येतं. इंदुमतीने कोणी सांगितलेलं नसताना कपाटातून जिलेटिन काढलं, परीक्षानळीत विरघळवलं, तापमापी बुडवली आणि नळी बर्फाच्या पाण्यात धरून बसली. पारा उतरत गेला. कुठेही थांबला नाही. नळी तिरपी केली तर आतलं हलत होतं, थोड्या वेळाने पुन्हा तिरपी केली तर जरा आळसावून हलत होतं, आणि मग केव्हातरी हललंच नाही. पण केव्हा? तिच्या मागे उभ्या असलेल्या शाम नावाच्या विद्यार्थ्याने मान पुढे काढली. "मॅडम, मेणाचा पॉइंट तर मिळाला. ह्याचा मिळतच नाहीये. ग्राफ एकदम सीधा जातोय. मग हे जमलं कधी?" "ह्याला पॉइंट नसतो," ती म्हणाली. "हे हळूहळू होतं. आपल्याला कळतं तेव्हा होऊन गेलेलं असतं." शाम "अच्छा" म्हणून गेला. ती मात्र तिथेच अडकली. आबांना कधी कळलं? आज सकाळी? की बरंच आधी?

तिने नळी मुठीत धरली. हाताच्या उबेने कडेचं जिलेटिन सुटायला लागलं. गेल्या साली कॉलेजच्या वाचनालयात आलेल्या एका नियतकालिकात मद्रासच्या शास्त्रज्ञांचं टिपण होतं, आणि ते तिने दोनदा वाचलं होतं. हाडाकातड्यातल्या त्या पदार्थाचे म्हणे तीन तीन धागे एकमेकांना पीळ घालून असतात. हाडं आम्लात घाला, चुन्यात मुरवा, पाण्यात उकळा. पीळ सुटतो, धागे मोकळे होऊन पाण्यात भरकटतात, त्याचं जिलेटिन होतं. हाच तर तिचा युक्तिवाद होता. तीन आठवडे रोज सकाळी, चहाच्या डब्यात चमचा घालताना ती तो मनातल्या मनात कोणापुढे तरी मांडायची. हे हाड उरलेलं नाही. ह्यात रक्त नाही, मेद नाही, वास नाही, हे इतकं धुतलेलं आणि बदललेलं आहे की ह्याला हाड म्हणणं म्हणजे धुराला लाकूड म्हणणं. युक्तिवाद बिनतोड होता. एकच गोष्ट त्यात बसत नव्हती, आणि ती तिच्या मुठीत होती. गार होताना हे धागे पुन्हा एकमेकांना शोधतात. जुना पीळ जिथे जिथे साधेल तिथे पुन्हा घालू बघतात, पूर्ण साधत नाही, पण त्या धडपडीतच ते धरतं आणि थरथरायला लागतं. म्हणजे उकळून, धुऊन, चाळून, डब्यात भरूनही त्याला आपण कोण होतो ते आठवतच असतं. ते आठवतं म्हणूनच तर ते आबांच्या घशातून नीट उतरत होतं. तिने नळी बादलीत ठेवून दिली. डोकं ठणकायला लागलं होतं.

व्रताची गोष्ट आईने तिला इतक्यांदा सांगितली होती की ती आपणच पाहिली असं तिला वाटे. इंदू नऊ वर्षांची. विषमज्वर. वैद्य झाले, राजवाड्याचे डॉक्टर झाले, ताप उतरेना. मिठाच्या पाण्याच्या घड्या कपाळावर ठेवायच्या आणि त्या चुलीवर शेकल्यागत गरम होऊन निघायच्या. कोणीतरी सांगितलं, बर्फ ठेवा. आबा मुक्कामावरून निघाले ते राजवाड्याच्या भांडारातून बर्फाची लादी मागून घोंगडीत गुंडाळून, घोड्यावर पुढ्यात घेऊन घरी आले. अंगणात बंदुकीच्या दस्त्याने त्यांनी ती फोडली. बर्फ लावला. आणि मग बुटांसकट देवघरात जाऊन टाकांवर हात ठेवून म्हणाले, "पोरीचा ताप उतरू दे. पुन्हा हाडामांसाचं काही तोंडात घालणार नाही." आईला व्रतापेक्षा ते देवघरातले बूटच जास्त आठवायचे. पहाटे इंदूला घाम फुटला. तिला स्वतःला आठवतो तो एक ओला, जड, बंदुकीच्या तेलाचा वास येणारा हात, कपाळावर पालथा ठेवलेला. त्या दिवसापासून शिकारखान्याचा दरोगा गवत खाणारा झाला. पाहुण्यांनी थट्टा केली, खानसाम्यांनी केली, खुद्द मालकांनी पंक्तीत बसवून केली. आबा मिशीतल्या मिशीत हसायचे आणि भाकरी-कांदा खायचे. जिभेला फारच सुटलं की रात्री सराफ्यातल्या खाऊच्या ठेल्यांवर जाऊन भुट्ट्याचा कीस आणि तळलेला गराडूचा कंद खाऊन यायचे आणि येताना तिच्यासाठी पानात बांधून आणायचे. बीएस्सीला असताना एकदा तिने शहाणपणाने त्यांना सांगितलं होतं, "आबा, तो ताप चौथ्या आठवड्यात उतरतोच. पुस्तकात दिलंय." आबा दाढीला साबण लावत होते. "उतरवला असेल तुझ्या पुस्तकाने," ते म्हणाले होते. "मी माझं बोललोय." संस्थान मध्यभारतात विलीन झालं, शिकारखाना मोडला, आई गेली, पण त्यांनी दिलेला शब्द तसाच राहिला. त्या शब्दाच्या एका टोकाला आबांचं तोंड बांधलेलं होतं आणि दुसऱ्या टोकाला ती स्वतः. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते आबांच्या बाजूने कसं दिसत असेल, हा विचार तिने आजवर होऊ दिला नव्हता. आणि आता, मुलांच्या वह्या तपासता तपासता, तो झाला. आबांना कळलं असेल, तर त्यांच्या लेखी दर चमच्याला कोणाचा जीव पणाला लागत होता?

ती प्रोफेसरांना डोकं दुखतं म्हणून सांगून भर दुपारी निघाली. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. लूचा तापलेला वारा गालांवर चटके देत होता आणि छत्री घरी दाराआड टांगलेली होती. कोपऱ्यावर बर्फवाला लक्ष्मण पोलोग्राउंडच्या कारखान्यातून आणलेली लादी भुशात आणि पोत्यात गुंडाळून सायकलला टेकून बसला होता. "आजचा हिस्सा ठेवलाय, बाईजी," तो म्हणाला. "पण आत्ताच घ्या, शाम तक काही राहत नाही बघा. आणि तुमचं तोंड तर पाहा, लाल झालंय. बसा जरा, पाणी प्या." ती बसली नाही. पोत्यात गुंडाळलेला तुकडा छातीशी धरून ती जवळजवळ धावतच घरी आली, तेव्हा बर्फाचं पाणी तिच्या पोलक्यातून आत झिरपत होतं आणि तरी डोकं निवत नव्हतं.

जनाबाई दारातच भेटली. "आलात? लई बरं झालं," ती हळू आवाजात म्हणाली. "आज तर दरोगाजींनी फार हैरान केलं. दो बार मला कोपऱ्यापर्यंत पाठवलं. जा, बघून ये, इंदू येते का."

"आज? आजच?"

"अहो, आज जरा जास्ती. रोजचंच आहे ते. रोज दुपारी पूछते हैं, इंदूला ताप तर नाही? कॉलेजातून काही खबर? मी म्हणते, अच्छी भली गेली सकाळी, तिला कशाचा ताप? ते ऐकतच नाहीत."

"रोज म्हणजे केव्हापासून, जनाबाई?"

जनाबाईने पदराने मान पुसली. "आता केव्हापासून... ते तुम्ही भारीवालं चायना ग्रास आणलं ना, तेव्हापासूनच की. पहिल्या दिवशी खाल्लं आणि दुपारभर रडत होते. मी समजली, घशाला आराम पडला म्हणून रडतात."

इंदुमती दाराची चौकट धरून उभी राहिली. म्हणजे पहिल्याच चमच्याला. जिभेवर ठेवल्याबरोबर, विरघळायच्या आत. सिमरोलच्या थंडीतली खारट वडी त्या जिभेला आठवली असणार, आणि तरी त्यांनी गिळलं होतं, कारण पोटात भूक होती, आणि कारण समोर चमचा धरून ती बसली होती, आणि आपण गेलो तर ही दोन खोल्यांत एकटी राहील हेही त्यांना दिसत होतं. मग दिवसभर ते वाट बघत पडायचे. तिच्या लाडाचा तो हात लाडाचा नव्हताच. आबा रोज संध्याकाळी तपासत होते, की आपण खाल्लेल्या घासाने पोरीचा घास घेतला तर नाही. तिला एकदम आबांचा राग आला, आणि त्या रागाच्या तळाशी नुसती माया होती.

मुगाच्या कढणाची बशी सकाळपासून बर्फाच्या पेटीत धरून बसली होती. ती घेऊन ती बाजेपाशी गेली. आबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात उचलला. "कपाळ."

ती वाकली. हात पालथा लागला. रोजच्यापेक्षा जास्त वेळ राहिला. मग आबांनी तो उलटा केला आणि तळहात लावला. "ताप आहे," ते म्हणाले.

"ऊन आहे, आबा. छत्री विसरले मी. बाहेर लू चाललीय."

"ताप आहे."

"उन्हाने तापलंय नुसतं डोकं." तिने चमचा भरून त्यांच्या ओठांपाशी नेला. ओठ मिटले. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाच्या दोन्ही बाजू एकसारख्या दिसल्या, दोन्ही घट्ट बंद. तिने वाट पाहिली. चमच्यातलं कढण कडेने सुटून तिच्या बोटावर आलं. तिने तो चमचा बशीत रिकामा केला, नवा भरला. ओठ तसेच. सकाळपासून त्यांच्या पोटात मोसंब्याची एक बशी गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोटात काही राहिलं नाही तर हे शरीर चार दिवस काढणार नाही. तिने बशी खाली ठेवली. आता सगळं सांगून टाकावं. आम्ल, चुना, उकळी, काय होतं आणि काय राहत नाही, हे त्यांच्या पायाशी बसून एकदाचं सांगावं. "आबा, हे जे आहे ना, ते—"

उजवा हात झटक्याने वर आला. "नाव नको," आबा म्हणाले. डोळ्यांतून पाणी ओघळून कानाकडे चाललं होतं. "नाव नको घेऊस, इंदू."

तिने वाक्य तिथेच सोडलं. नाव घेतलं नव्हतं तोवर त्यांनी कसंबसं चालवलं होतं. नाव उच्चारलं की शब्द मोडला, आणि मोडलेल्या शब्दाची वसुली तिच्या कपाळावर आत्ताच सुरू झालेली त्यांना दिसत होती. ती उठून स्वैपाकघरात गेली. पोत्यातला बर्फ ताटात काढून तिने बत्त्याने फोडला. दोनच घाव घातले, पण ते अंगणातल्या बंदुकीच्या दस्त्यासारखे घरभर वाजले. फळीवर, हळदीच्या डब्यामागे, तापमापी होती. तिने तिच्याकडे पाहिलं. हे ऊन होतं की खरोखरच ताप, हे एका मिनिटात कळलं असतं, आणि आयुष्यभर तिने हेच तर शिकवलं होतं, की आधी मोजा. तिचा हात वर गेला नाही. तिला भीती वाटत होती. लाज वाटावी इतकी, नऊ वर्षांच्या पोरीसारखी भीती वाटत होती. तिने बर्फाचा तुकडा उचलला आणि कपाळावर दाबून धरला. गारवा आधी चटक्यासारखा लागला, मग कवटीत शिरून दुखायला लागला, डोळ्यांतून पाणी आलं, भुवया बधिर झाल्या. गरम वस्तू आधी घाईने निवते, मग रेंगाळते. ती डोकं रेंगाळत निवू देत उभी राहिली. तुकडा बोटांत संपल्यावर तिने दुसरा घेतला. मग पदराने कपाळ पुसलं, केसांच्या मुळाशी ओल राहिली ती राहिली, आणि पेटीतली दुसरी बशी घेऊन ती बाजेपाशी आली.

"बघा आता," ती म्हणाली. "बसले जरा सावलीत. उतरलं."

आबांनी बराच वेळ हात उचलला नाही. मग उचलला. पालथा हात कपाळाला लागला तशी ती डोळे मिटून राहिली.

"गार," आबा म्हणाले.

हात मागे गेला. तिने डोळे उघडले तेव्हा ते आपल्या बोटांकडे बघत होते. बोटं ओली होती. त्यांनी अंगठ्याने ती ओल हळूहळू चोळून पाहिली. मग त्यांची नजर तिच्यावरून स्वैपाकघराच्या दाराकडे गेली, जिथे पोत्यातून फरशीवर पाण्याचा ओघळ आला होता, आणि तिथे थोडा वेळ थांबली. बाजेच्या काठाला तिचा गुडघा लागला होता आणि बशीतलं कढण थरथरत होतं.

आबांनी बोटं चादरीला पुसली आणि तोंड उघडलं.

"आण," ते म्हणाले. "वितळायच्या आत."